इंदूअक्काचा चुकीचा माल

जुनं डिफरन्शियल विकत घ्यायला एखादी बाई आली की दुकानदार आधी तिच्या मागे कोण पुरुषमाणूस आहे ते बघतो. इंदूअक्काच्या मागे मी असायचो, आणि मला पाहून दुकानदाराची आणखीच निराशा व्हायची. जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला शबनम, पायात पांढरे बूट. मी यावलच्या कॉलेजात ग्रंथपाल. लोखंडाशी माझा संबंध पुस्तकांच्या रॅकपुरता. मग दुकानदार नाइलाजानं पुन्हा अक्काकडे वळायचा, तोवर अक्का त्याच्या ढिगाऱ्यात शिरून दोन डिफरन्शियलं नापास करून तिसऱ्याशी पोचलेली असायची.

ज्यांच्या आयुष्यात ही वस्तू आली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीपच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा धुरा असतो. त्याच्या मधोमध टरबुजाएवढा लोखंडी फुगवटा दिसतो, तेच डिफरन्शियल. इंजिनाकडून एक लांब शाफ्ट तिथे येऊन मिळतो, पोटातली दातेरी चक्रं फिरतात आणि जोर दोन्ही चाकांना वाटला जातो. ते तुटलं की इंजिन कितीही ओरडो, गाडी जागची हलत नाही. नवं घ्यायचं तर बरंच महाग पडतं, म्हणून लोक मोडीत निघालेल्या गाड्यांचं घेतात. आणि तिथेच सगळी गोम आहे, कारण एकाच कंपनीच्या दोन जीपांची डिफरन्शियलं दिसायला जुळी आणि बसवायला सावत्र निघू शकतात.

अक्का माझी घरमालकीण. यावलला नोकरी लागली तेव्हा खोली शोधत हिंडत होतो. तिनं दारातच विचारलं, "कोठला शेस?" म्हटलं, धुळ्याचा. "मंग आमनाकडलाच शेस. ये मझार." झालं. मी आत गेलो तो पुढची काही वर्षं तिथेच राहिलो. अक्काचं माहेर दोंडाईचा, त्यामुळे धुळ्याचा माणूस म्हणजे माहेरकडचा आणि माहेरकडचा म्हणजे भाऊ. कॉलेजात मला सगळे सर म्हणायचे, अक्कानं एकदाही म्हटलं नाही. "भाऊ, उठ", "भाऊ, सरक", "भाऊ, तुनं पुस्तक ऱ्हाऊ दे, आधी हाई डबानं झाकन उघड." पहिल्याच महिन्यात तिनं माझा पलंग खोलीच्या वेगवेगळ्या भिंतींना लावून पाहिला. मी कॉलेजातून यावं तर पलंग नव्या ठिकाणी. विचारलं तर म्हणे, "आठे वारा येस." चार दिवसांनी तिथे वारा यायचा बंद व्हायचा आणि पलंग पुन्हा हलायचा.

लग्न होऊन यावलला आली त्याला जमाना झाला, तरी 'आहे' हा शब्द काही तिच्या जिभेवर बसला नाही. 'शे' ते 'शे'च. बँकेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत ती शाळेतलं मराठी बोलायला सुरुवात करायची, पण दोन वाक्यांत तिचा धीर सुटायचा आणि अहिराणी बाहेर पडायची. समोरचा साहेब गडबडून जाई आणि काम लवकर होई. ती हे मुद्दाम करते अशी मला शंका होती. पुढे जे कळलं त्यावरून वाटतं, मुद्दामच करत असणार.

तिच्या उतावीळपणाचा एक किस्सा यावलमध्ये सगळ्यांना पाठ आहे. जळगावहून येताना एसटीचं चाक पंक्चर झालं. बाकीचे प्रवासी झाडाखाली गेले, कुणी मोबाइल काढला, कुणी डुलकी. अक्का चालायला लागली. कंडक्टर ओरडला, "अक्का, पंधरा मिनिटांत निघतोय!" ही थांबली नाही. पुढच्या फाट्यावर पोचली, तिथे टपरीवर भजी तळत होती ती बांधून घेतली आणि मागून गाडी आली तेव्हा हात करून चढली. चालत गेल्यानं ती काडीभरही लवकर पोचली नाही. हे मी तिला एकदा समजावून सांगायला गेलो. "लवकर नई, पन मी थांबनू बी नई ना," असं म्हणून तिनं माझ्या हातात सोलायला लसूण दिला.

तर ही बाई, आणि तिचे यजमान सुपडूभाऊ. लेक लग्न होऊन सुरतेला गेलेली. घरात ही दोघं आणि अंगणात त्यांची जीप. यावलहून सातपुड्यातल्या पाड्यांवर माणसं नेणारी, आणणारी, जुन्या बांधणीची. भाऊ चालवायचे आणि अक्का मागच्या फळीवर उभी राहून माणसं बसवायची. बसवायची म्हणजे कोंबायची. सुपडूभाऊ तसे गोष्टीवेल्हाळ. पाड्यावर कुणाच्या म्हशीला काय झालं इथपासून ते घाटात बिबट्या कसा दिसला इथपर्यंत त्यांचं चालू असे. जेवताना ते बोलायचे आणि अक्का "मंग? पुढे?" करत त्यांना हाकायची. माझ्या खोलीची भिंत पातळ होती, त्यामुळे मला दोघांचंही सगळं ऐकू यायचं.

मग तो अपघात झाला. बाजाराचा दिवस होता, जीप भरलेली होती आणि अक्का नेमकी दोंडाईच्याला भाचीच्या साखरपुड्याला गेलेली. घाटातल्या चढावर डिफरन्शियल फुटलं. गाडीतला जोर गेला, भरल्या वजनाला ब्रेक पुरले नाहीत, जीप मागे मागे आली आणि कडेच्या दरडीला आपटून कलंडली. कुणाचा जीव गेला नाही. एका म्हाताऱ्या बाईचा हात मोडला, काहींना टाके पडले. दुसऱ्या बाजूला दरी होती, तिकडे गेली असती तर काय झालं असतं ते कुणी बोललं नाही. सुपडूभाऊ घरी आले, हातपाय धुतले, किल्ली खुंटीला लावली आणि बोलायचे थांबले.

अगदी मुके झाले असं नाही. 'हं' म्हणत, 'नको' म्हणत. जेवत, ओट्यावर बसत, जीपकडे पाठ करून. पण बोलणं म्हणतात ते संपलं. जखमी माणसं भेटायला येऊन गेली. हात मोडलेल्या बाईच्या मुलानं येऊन सांगितलं, भाऊ, तुमची काही चूक नव्हती. भाऊंनी मान खाली घातली ती तो जाईपर्यंत वर केली नाही. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, वेळ द्या. वेळ देणं ही गोष्ट अक्काला जन्मात जमलेली नव्हती.

त्यातच तिनं एक घोळ करून ठेवला होता. माहेराहून आली त्याच दिवशी तिनं गफ्फार मिस्त्रीकडून तुटलेला धुरा डिफरन्शियलसकट सोडवून घेतला आणि गल्लीतून जाणाऱ्या भंगारवाल्याला देऊन टाकला. गफ्फार म्हणत होता, अक्का, नमुना म्हणून ठेवा, नवं आणताना लागेल. अक्का ऐकते होय! "ज्या लोखंडनी मना मानूसले मुकं करं, ते मना दारशी नको." अपशकुनी वस्तू दिवेलागणीच्या आत घराबाहेर गेली पाहिजे म्हणून तिनं भंगारवाल्याच्या गाडीला मागून ढकलूनही दिलं.

दहाएक दिवसांनी डोकं शांत झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की जीप पुन्हा उभी करायची तर डिफरन्शियल पाहिजे, आणि कुठलं पाहिजे ते सांगणारा नमुना आपणच हाकलून दिलाय. बरं, गाडीचं मॉडेल सांगून भागणार नव्हतं. गफ्फारला एवढंच आठवत होतं की भाऊंनी बऱ्याच वर्षांपूर्वी घाटासाठी म्हणून डिफरन्शियल बदलून घेतलं होतं, भारी वजन चढाला ओढेल असं. कुठून घेतलं, कुठल्या गाडीचं घेतलं, आत दात किती, हे एकट्या सुपडूभाऊंना ठाऊक. आणि सुपडूभाऊ जीपचं नाव काढलं की उठून परसात जायचे.

शनिवारी मी घरी धुळ्याला जायचो. त्या शनिवारी अक्का पिशवी घेऊन माझ्या आधी फाटकात उभी. "चाल. धुयाले मोठा बाजार शे ना जुना मालना? तुले माहीत शे ना?" मला माहीत नव्हता. जन्म धुळ्यात गेला, पण महामार्गाच्या कडेला मोडक्या गाड्यांची ती वखारींची रांग मी नेहमी बसच्या खिडकीतूनच पाहिली होती. अक्कानं तिसऱ्याच वखारीत आपला दुकानदार ठरवला. किसनशेठ नावाचे, पोटावर बनियन वर सरकवून बसलेले.

"अक्का, नमुना आणलाय?"

"मीच नमुना शे. तू माल दखाड."

किसनशेठ हसले. पण हसत हसत त्यांनी नीट समजावलं. नमुना नसेल तर निदान तीन गोष्टी गाडीवरून बघून या. स्प्रिंगच्या ज्या पाट्यांवर धुरा बसतो त्या दोन पाट्यांमधलं अंतर. शाफ्ट जिथे जोडतात तिथली भोकं, किती आणि केवढ्या अंतरावर. आणि तिसरी सगळ्यात मोठी, चाकाची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या किती फेऱ्या होतात. पहिल्या दोन चुकल्या तर माल बसणारच नाही. तिसरी चुकली तर बसेल, पळेलही, पण चढावर रडेल.

अक्कानं पाट्यांचं अंतर मोजून आणलं होतं. कशानं? परकराच्या नाडीनं. घरात हाताला तीच लागली. दोन गाठी मारून आणलेली ती नाडी तिनं किसनशेठच्या मालावर अशी रागानं ताणली की गाठी बरोबर जागेवर आल्या. "बठ्ठं जुयस! दे." नाडी ओढली की वाढते हे मला सुचलं होतं, पण मी गप्प बसलो, कारण नाडीविषयी चारचौघात काय बोलणार! धुळ्याहून केळीचे रिकामे ट्रक यावलकडे परत जातात, त्यातल्या एकात केळीच्या वाळक्या पानांवर तो माल चढवला आणि अक्का ड्रायव्हरशेजारी बसून गेली.

पुढचं तिनं मला सोमवारी सांगितलं. अंगणात माल उतरला. भाऊ ओट्यावर. अक्का आणि गफ्फार खटपट करतायत, बसत काही नाही. आणि ओट्यावरून आवाज आला, "रुंद हाये ते."

तीन शब्द. अक्काच्या हातातला पाना खाली पडला. ती मला हे सांगताना माझं मनगट धरून हलवत होती. "रुंद शे म्हने! त्या बोलनात, भाऊ! आयकं का तू? सोताहून बोलनात!" त्या दिवशी घरात शेवभाजी झाली आणि तिचं वाडगं माझ्याकडेही आलं. माल चुकला, येण्याजाण्याचा त्रास फुकट गेला, याचं तिला सोयरसुतकही नव्हतं. मला वाटलं, आनंदात आहे, चालायचंच.

पुढच्या खेपेला आम्ही रुंद माल परत घेऊन गेलो. किसनशेठनी कुरकुरत घेतला. आता सुतळी होती, मापं चोख होती. ढिगात एक धुरा होता, त्याचं अंतर तंतोतंत जुळत होतं आणि भोकंही. मी स्वतः वाकून भोकं मोजली, पांढऱ्या बुटांचं व्हायचं ते झालं. अक्कानंही मोजली. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि शेजारच्या दुसऱ्याच धुऱ्याकडे बोट केलं. "हाऊ नको. तो दे."

"अक्का, त्याची भोकं लहान आहेत," मी म्हटलं.

"तू गप."

"अहो, पण आत्ता तुम्हीच मोजली ना! शाफ्ट लागणार नाही."

तिनं माझ्या पायावर चप्पल ठेवली. चप्पल ठेवली म्हणजे दाबली. किसनशेठनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. गिऱ्हाईकाला चुकीचा माल पाहिजे असेल तर दुकानदारानं किती विरोध करायचा यालाही मर्यादा असते.

त्या वेळी मला कॉलेजच्या कामासाठी रविवारीच परतायचं होतं, म्हणून मीही ट्रकमध्येच होतो. गाडी धुळ्याबाहेर पडली तरी मी फुगून बसलेला. शेवटी न राहवून म्हटलं, अक्का, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? अक्का खिडकीबाहेर बघत होती. एरवी ती खिडकीबाहेर बघता बघता शेतं, विहिरी, पाट्या सगळं मोठ्यानं वाचत असते. तेव्हा मात्र हळू आवाजात म्हणाली,

"बरोबर माल लई गऊ तं त्या काय बोलतीन, भाऊ? काहीच नई. बसाडतीन आनि गप. चुकेल माल देखीसन त्यासना जीव तयमयस. मंग तोंड उघडस."

एवढ्या धडपड्या, एवढ्या घाईच्या बाईनं आपला नवरा बोलावा म्हणून चुकीचं लोखंड विकत घ्यायचं ठरवलं होतं, आणि ते निवडायला ती बरोबर मालाइतकीच मेहनत घेत होती. चुकीचाही कसला, तर भाऊंच्या नजरेला खुपेल असा. अगदीच भलता नको, नाहीतर ते नुसते हसतील. थोडा चुकलेला पाहिजे. मला तिचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला आणि पायाशी सरकणारी तिची पिशवी मी उचलून मांडीवर घेतली.

त्या लहान भोकांवर भाऊ दोन वाक्यं बोलले. "भोकं पाहिली नाही का तुम्ही? शाफ्ट काय सुतळीनं बांधसान?" पुढच्या खेपेच्या मालाचे दात झिजलेले होते. भाऊ ओट्यावरून उठून जवळ आले, हातानं शाफ्टचं तोंड फिरवलं, मागेपुढे करून आतली ढिलाई पाहिली आणि गफ्फारला म्हणाले, "हे घाटात नेशीन तं आठ दिवस टिकनार नाही. कोनी दिलं हे? मले दाखव त्याले." अक्का मला प्रत्येक वेळी नवं वाक्य असं सांगायची जसं कुणी नातवाचा नवा शब्द सांगतं. तिची पायपीट वाढली. एकदा भुसावळ, एकदा दीपनगरच्या बाजूला कुणी जुनी जीप मोडतोय म्हणून तिकडे, पुन्हा धुळे. गफ्फार वैतागला होता. म्हणाला, अक्का, मी मिस्त्री आहे की हमाल? तिनं त्याच्या हातात चहा दिला आणि त्याला कारण मात्र सांगितलं नाही. मलाही ताकीद होती.

मग एक धुरा आला, तो पाट्यांवर बसला, शाफ्टला लागला, दातही धडधाकट. फक्त तिसरी गोष्ट चुकलेली. सपाट रस्त्याचा माल. भाऊंनी दोन्ही चाकं उचलून गफ्फारसोबत फिरवून पाहिली, शाफ्टच्या फेऱ्या मनात मोजल्या आणि त्यांचा संताप संताप झाला. ते गफ्फारवर, अक्कावर, त्या धुऱ्यावर असे बरसले की शेजारचे लोक दारात आले. आपलं डिफरन्शियल कसं होतं, चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या पाच आणि वर चतकोर, ते आपण जळगावला एका मोडक्या मालवाहू जीपवरून कसं सोडवून आणलं होतं, पहिल्या दिवशी भरल्या गाडीनं चढ कसा घेतला, पाड्यावरच्या पोरांनी टाळ्या कशा वाजवल्या. मी खोलीतून ऐकत होतो. जुने सुपडूभाऊ बोलत होते. आणि मधूनच अक्काचा आवाज, "मंग? पुढे?"

पुढे नव्हतं. टाळ्यांपर्यंत आले आणि एकदम थांबले. किल्लीच्या खुंटीकडे बघितलं आणि परसात निघून गेले.

यानंतरचे दिवस अक्कानं कसे काढले ते मला आठवलं की अजून अस्वस्थ व्हायला होतं. आता तिच्याकडे सगळी मापं होती. पाच आणि वर चतकोर. बरोबर माल आणायला काही अडचण उरली नव्हती, आणि म्हणूनच तिचा पाय निघेना. चुकीचं आणायला आता चूकही शिल्लक नव्हती. ती भांडी घासलेली पुन्हा घासायची. माझा पलंग एका आठवड्यात दोनदा हलला. रस्त्यातून जाणाऱ्या कुठल्याही जीपच्या मागे चार पावलं जायची, खाली वाकून बघायची आणि परत यायची. मी एकदा म्हटलं, अक्का, जीप उभी आहे, घर कशावर चालणार, आता आणा बरोबर माल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तकात डोकं घातलं. रात्री भिंतीपलीकडून तिचं स्वतःशीच बोलणं ऐकू यायचं. "आनसू. आनसू ना. पन मंग?"

शेवटी ती मला घेऊन जळगावला गेली. औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे एक वखार होती. तिथे एका मालवाहू जीपचा धुरा सुटा पडलेला. पाट्यांचं अंतर जुळलं. भोकं जुळली. राहिल्या फेऱ्या. धुरा दोन लाकडांवर ठेवला, एका टोकाच्या चाकाशी मी, दुसऱ्या टोकाशी अक्का. दोन्ही चाकं एकदम, एका गतीनं फिरवायची, नाहीतर मोजणी खोटी होते. शाफ्टच्या तोंडावर खडूची रेघ मारून वखारवाला मोजायला बसला. "चाल भाऊ, संगे फिरव. घाई करू नको!" हे वाक्य अक्काच्या तोंडून मी त्या एकाच दिवशी ऐकलं. आम्ही फिरवत होतो. मी ग्रंथपाल, ती साठीकडे झुकलेली बाई, दोघं गुडघ्यांवर, दोघांचे हात काळे. वखारवाला म्हणाला, "पाच. आणि वर... हा, चतकोर."

अक्का जागची हलली नाही. तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि चेहरा असा, की वाटावं कुणीतरी काढून घेतलंय.

माल घरी आला तेव्हा मी अंगणातच होतो. भाऊ ओट्यावरून उतरले. सुतळी मागितली, पाट्यांचं अंतर पाहिलं. भोकांवर बोट फिरवलं. तेलाचं बूच काढून आत बोट बुडवलं, वास घेतला. चाकं फिरवली, एकीकडे ते, एकीकडे गफ्फार. मोजणी झाली. आणि भाऊ काहीच बोलले नाहीत.

अक्का वाट बघत होती. पदर पिळत होती. "काय? काय व्हयनं? रुंद शे?" नाही. "भोकं?" भाऊंनी मान हलवली. "मंग बोला ना काही! चुकेल शे का? परत नेसू. आत्ते नेसू, ट्रक उभाच शे. अहो, बोला!" तिचा आवाज चिरकला.

भाऊंनी शाफ्टचं तोंड पुन्हा हळूहळू फिरवलं आणि कान लोखंडाला लावला. मग कान न उचलता म्हणाले,

"याचा आवाज नाही येत. त्याचा येत होता."

"कसाना?"

"आपल्या डिफरन्शियलचा. कितीक दिवसापासून येत होता, वळनावर. कुईं करे. मले आयकू येत होतं, इंदे. मी मनलं, बाजाराचा दिवस होऊन जाऊ दे, मग खोलू. मले समजत होतं सारं. तरी मी भरली गाडी."

गफ्फार उठून नळाकडे गेला. अक्का अंगणातच, तेलाच्या डागांवर, नवऱ्याशेजारी बसली आणि त्यांच्या पाठीवर काळा हात फिरवत राहिली. लोकांनी त्यांना इतके दिवस सांगितलं होतं की तुमची चूक नव्हती, आणि त्या एका वाक्यानंच त्यांचं तोंड बांधून टाकलं होतं. मी खोलीत गेलो. त्या दिवशी भिंतीपलीकडून दोघांचंही रडणं ऐकू आलं, आणि नंतर उशिरापर्यंत एकट्या भाऊंचं बोलणं.

जीप उभी राहिली. सुपडूभाऊंनी मात्र स्टेअरिंगला पुन्हा हात लावला नाही. अक्कानं दोनदा किल्ली पुढे केली, त्यांनी दोनदा परत खुंटीला लावली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. ड्रायव्हिंग शिकायचा परवाना काढून आणला.

पुढे माझी धुळ्याच्या कॉलेजात बदली झाली. सामान आधीच गेलं होतं, मी बसनं निघालो होतो. यावलच्या चौकात बस थांबली, पुढे काहीतरी अडलं होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मागे ट्रॅक्टर, रिक्षा, केळीचा ट्रक, सगळे हॉर्न वाजवतायत. मी खिडकीतून मान काढली. चौकातला बारीकसा चढ, आणि त्याच्या मध्यावर आमची जीप बंद पडलेली. स्टेअरिंगवर अक्का. शेजारी सुपडूभाऊ, तिच्याकडे पूर्ण वळून, दोन्ही हात हवेत चढासारखे तिरपे धरून समजावतायत. हॉर्नच्या गदारोळात त्यांचं मला तुटक तुटक ऐकू आलं. चढावर गाडी थांबली तर घाबरायचं नाही. मागे आली तर आधी पाय कुठे, मग हात कुठे. मागच्या मानसायकडे बघायचं नाही त्या वखती, आपली चाकं बघायची. मी त्या दिवशी काय केलं सांगू तुले?

एक पोलीस शिट्टी फुंकत जीपकडे धावला. अक्कानं त्याला नुसता हात करून थांबवलं, नवऱ्याच्या तोंडावरची नजर न काढता. रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबत चालला होता आणि भाऊ सांगत सांगत घाटातल्या त्या चढापर्यंतच आले होते. ती ऐकत होती.